मुलामा आणि जिल्हई
(वऱ्हाडातील एका खरादीच्या निमित्ताने)

दरवर्षी शाळा उघडली की प्रवेशाचे रजिस्टर आमच्यासमोर येते. विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि त्यापुढे एक अरुंद रकाना : पालकाचा व्यवसाय. बाळापूरसारख्या गावात, उर्दू माध्यमाच्या शाळेत, या रकान्यात बहुधा काय भरले जाते हे सांगायला नको. मजूर, हमाल, ड्रायव्हर, फळविक्रेता, पुन्हा मजूर. काही वर्षांपूर्वी एका पालकांना आम्ही हा प्रश्न विचारला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मजदूर लिख दो, सर." आम्ही लिहिले.

दिवाळीच्या सुटीनंतर त्यांच्याच मुलाने वर्गात एक भवरा आणला. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा, बोरासारखा टपोरा आणि इतका गुळगुळीत की खिडकीचे गज त्यात वाकडे होऊन दिसत होते. कुठून घेतला विचारले, तर म्हणाला, "अब्बांनी केला." त्याचे वडील खरादी होते. त्यांचे वडीलही खरादीच. पलंगाचे पाये, पाळण्याच्या दांड्या, लाटणी, रवी, भवरे या साऱ्या वस्तू तीन पिढ्यांपासून त्या घरातून निघत होत्या आणि शाळेच्या दप्तरी आम्ही त्या घराला 'मजूर' करून टाकले होते.

तो रकाना आमच्या मनात बराच काळ टोचत राहिला. आम्ही इतिहास शिकवतो. बाळापूरचा इतिहास विचारला तर तो सांगणे सोपे आहे. १७२० मध्ये बाळापूरजवळ निजाम-उल-मुल्क आणि आलम अली खान यांची लढाई झाली आणि दख्खनचे भवितव्य ठरले. मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाची छत्री आजही नदीकाठी उभी आहे. किल्ला एलिचपूरच्या इस्माईल खानाने १७५७ मध्ये पूर्ण केला. बाळादेवीच्या नावावरून गावाचे नाव पडले. एवढे सांगितले की तास संपतो. पण त्या किल्ल्याच्या दरवाजाला रंधा कोणी मारला? त्या सरदारांच्या पलंगाचे पाये कोणी कातले? त्यांच्यावर झळाळी कोणी चढवली? त्यांची नावे नाहीत. नावे नसली तरी खुणा आहेत, आणि पहिली खूण भाषेत आहे.

शब्दांची साक्ष

मराठीत लाकूड फिरते ठेवून त्याला गोल आकार देणाऱ्याला 'कातारी' म्हणत. त्याचे काम ते कातकाम. आजही आपण एखाद्या रेखीव चेहऱ्याला 'कातीव' म्हणतो तेव्हा नकळत त्या कातार्‍यालाच सलाम करत असतो. चालुक्य काळातील देवळांत दगडाचे खांबसुद्धा असे कातीव दिसतात. म्हणजे ही विद्या या मातीत जुनी आहे.

तिच्या शेजारी दुसरा शब्द येऊन बसला, 'खरादी'. अरबीत कातार्‍याला 'खर्रात' म्हणतात. फारसी-उर्दूत त्याचे 'खर्राद' झाले आणि आपल्याकडे यंत्र झाले खराद, माणूस झाला खरादी. कैरोच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना जी जाळी असते, जिला 'मश्रबिया' म्हणतात, ती याच खर्रातांची करामत. तिथे चांगले लाकूड दुर्मिळ, म्हणून छोटे छोटे तुकडे कातून, एकमेकांत अडकवून त्यांनी अख्ख्या भिंती उभ्या केल्या. कारागीर जमिनीवर बसतो, एका हाताने कमान ओढून लाकूड फिरवतो, दुसऱ्या हाताने हत्यार धरतो आणि पायाच्या अंगठ्याने त्या हत्याराला आधार देतो. विजेच्या मोटरी येण्यापूर्वी आपल्याकडचा खरादीही असाच कमानीवर किंवा दोरीवर काम करत असे. कैरो आणि वऱ्हाड यांच्यामध्ये समुद्र आहे, पण अंगठा तोच आहे.

लाकूड गुळगुळीत करणारा 'रंधा' फारसी 'रंदा'पासून आला. वर लावायचे 'रोगण' हे फारसीतले रौगन, म्हणजे तेल. 'शिकलगार' या शब्दात अरबी 'सैकल' दडलेला आहे. सैकल म्हणजे घासून चकाकी आणणे. तलवारीला आणि पोलादी आरशाला चकाकी आणणारा तो सैकलगर. तलवारी गेल्या आणि शिकलगार सुऱ्या-कात्र्यांना धार लावत गल्लीबोळातून फिरू लागला. आणि या सगळ्यांत आमचा आवडता शब्द म्हणजे 'जिल्हई'. अरबीत 'जिला' म्हणजे झळाळी, घासून आणलेला उजाळा. मराठीने त्याला जिल्हई करून घेतले आणि इतके आपलेसे केले की हा शब्द परका आहे हे सांगावे लागते.

'जिल्हई'च्या उलट शब्दही अरबीतूनच आला आहे, 'मुलामा'. हलक्या धातूवर सोन्याचांदीचा पातळ थर दिला की तो मुलामा. मुलामा वरून चढतो, जिल्हई आतून निघते. हा फरक आमच्या पुढच्या सगळ्या म्हणण्याच्या मुळाशी आहे.

नदीतले दगड

बाळापूर मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर आहे. १५९६ मध्ये चाँदबिबीने वऱ्हाड मोगलांच्या हवाली केले आणि त्यानंतर अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त या सुभ्याचे वर्णन लिहिले. बाळापूर तेव्हा नरनाळा सरकारात मोडत होते. अबुल फजल महसुलाचे आकडे देतो, शहजादा मुरादने बाळापूरपासून सहा कोसांवर वसवलेल्या शाहपूरचा उल्लेख करतो, आणि मध्येच एक गोष्ट सांगून जातो. बाळापूरजवळ दोन ओढे आहेत, त्यांच्या काठावर तऱ्हेतऱ्हेचे सुंदर दगड सापडतात, लोक ते कापून हौसेने जपून ठेवतात.

आमच्या वर्गातली मुले पावसाळ्यानंतर नदीतून गारगोट्या गोळा करून आणतात. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत कोट्यवधी वर्षांपूर्वी हे अकीक आणि त्याची भावंडे तयार झाली. वरून पाहिले तर ओबडधोबड दगड. कापून घासला की आत रेषांचे एक जगच उघडते. हे रंग त्याला कोणी दिले नाहीत, ते त्याच्यात होतेच. दगड घासणाऱ्याने फक्त वरचा खडबडीतपणा काढला.

यामागचे शास्त्र साधे आहे आणि मुलांना ते लगेच कळते. खडबडीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश दाही दिशांना विखुरतो, म्हणून वस्तू निस्तेज दिसते. पृष्ठभाग सपाट झाला की प्रकाश एका दिशेने परत येतो आणि आपण म्हणतो, चकाकी आली. दगड असो, कागद असो की लाकूड, नियम एकच. जुने दख्खनी कागद खळ लावून अकिकाने किंवा शंखाने घोटत. घोटलेल्या कागदावर बोरूची लेखणी अडखळत नसे. खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा आजवर टिकून आहे.

खरादीसमोर

त्या भवऱ्यानंतर आम्ही खरादीचाचांच्या घरी गेलो. अंगणात टिनाच्या छपराखाली खराद होती. कमान गेली होती, मोटर आली होती. भारनियमनाच्या काळात दिवसाचे कित्येक तास ही मोटर मुकी असायची, तेव्हा ते रात्री जागून काम करत. आम्ही बसलो आणि त्यांनी एका लाटण्याचा तुकडा चढवला.

आधी गोल पटाशीने साल आणि कोपरे गेले. मग आकार आला. हत्याराचे वळ दिसत होते, ते काचकागदाने जाऊ लागले; आधी जाड ८० नंबरचा, मग १२०, मग २२०, शेवटी ४००. एक नंबर गाळून पुढे गेले तर चालत नाही का, असे आम्ही विचारले. ते हसले. जाड कागदाचा ओरखडा बारीक कागदाने निघत नाही, तो फक्त झाकला जातो आणि लाख चढवली की सगळ्यांच्या आधी तोच दिसतो, असे त्यांनी सांगितले. मध्येच त्यांनी ओल्या फडक्याने लाकूड पुसले. पाण्याने लाकडाचे बारीक रोम उभे राहतात, वाळल्यावर ते काढून टाकायचे; नाहीतर पहिल्याच धुण्यात लाटणे खरखरीत होते.

नंतर त्यांनी केले ते आम्हाला सर्वांत आवडले. खाली पडलेला लाकडाचाच भुसा त्यांनी मुठीत घेतला आणि फिरत्या लाकडावर दाबून धरला. लाकडाने लाकूड घासले जाऊ लागले. दोन मिनिटांत त्यावर एक मंद तकाकी आली. तोवर ना लाख होती, ना मेण, ना रंग. ही ती जिल्हई. लाकूड घट्ट असेल तरच ती येते. हळदू, शिसव, काळा कुडा यांच्यावर ती छान उतरते. ठिसूळ, भरभरीत लाकडाला कितीही घासा, ते फक्त झिजते.

लाटण्याला त्यांनी एवढ्यावरच सोडले, कारण ते पिठात जायचे. पाळण्याच्या दांडीला मात्र पुढचे सोपस्कार झाले. मेणाची वडी फिरत्या दांडीवर टेकवली. घर्षणाने लाकूड तापते, मेण वितळते आणि रंध्रांत उतरते. मग सुती कापडाने दाबून घासले. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांवर वितळते. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो, पत्र्याखाली तर विचारूच नका. अशा हवेत नुसते मेण मऊ पडते, त्यावर बोटांचे ठसे उठतात, धूळ चिकटते. म्हणून कारखानदार ब्राझीलमधल्या ताडाच्या पानावरचे कारनौबा मेण वापरतात, ते ८० अंशांच्या पुढे वितळते. कापडी चाकावर आधी त्रिपोलीची बारीक भुकटी, मग पांढरा मसाला, मग कारनौबा, अशी आजच्या बफिंगची तीन पायऱ्यांची रीत आहे. खरादीचाचांकडे कारनौबा नव्हते. त्यांच्याकडे लाख होती.

लाखेची गोष्ट

लाख हे एका किड्याचे घर आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे किडे बसतात, रस शोषतात आणि अंगातून राळ पाझरवून स्वतःभोवती कवच करतात. एक किलो लाखेसाठी सुमारे तीन लाख किडे लागतात असे सांगितले जाते. अथर्ववेदात लाक्षेवर सूक्त आहे, महाभारतात लाक्षागृह आहे. 'आईन-ए-अकबरी'त इमारतीच्या सामानाच्या हिशेबात दारांच्या चिकांना लावायच्या लाखेचे प्रमाणही दिले आहे. लाल रंग हवा असेल तर चार शेर लाखेला एक शेर हिंगूळ, पिवळा हवा असेल तर चार शेर लाखेला एक शेर हरताळ. बादशाही हिशेबनिसाने लिहून ठेवलेली ही कृती खरादीच्या हातातील लाल-पिवळ्या कांडीची आजी म्हणावी लागेल. हिंगुळात पारा आणि हरताळात सोमल असतो, हे आज आपल्याला माहीत आहे. म्हणून मुलांच्या खेळण्यांसाठी हळद, नीळ यांसारखे वनस्पतिजन्य रंग वापरण्याकडे जाणकार कारागीर वळले आहेत.

फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती मऊ होते आणि लाकडावर पट्टा उमटतो. वाळलेल्या पानाची पट्टी त्यावर दाबून धरायची, थर एकसारखा पसरतो. शेवटी तेलाचे बोट लावलेले फडके फिरवायचे. ब्रश नाही, वाळायला ठेवणे नाही. रंग, लेप आणि पॉलिश एकाच फेऱ्यात.

इंग्रजी अमलात याच लाखेचा चपडा जहाजे भरभरून परदेशी जाऊ लागला. स्पिरिटमध्ये चपडा विरघळवून कापडाच्या गोळ्याने लाकडावर घासायचा, हे सुताराचे स्पिरिट पॉलिश. १८५६ नंतर कृत्रिम रंग निघाले आणि लाखेच्या लाल रंगाचा व्यापार बसला, पण तिच्या राळेला नवे गिऱ्हाईक मिळाले ते ग्रामोफोनचे. १९५० च्या दशकापर्यंत ग्रामोफोनच्या तबकड्या चपड्यापासून होत. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानने गायलेले सूर आणि मिरजेच्या मातीत विसावलेल्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचला तो या किड्याच्या पाठीवर बसून. १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी संस्था उभी राहिली. मग प्लास्टिक आले. तबकडी बदलली, बांगडी बदलली, बाहुली बदलली.

जिथे कदर झाली

ही कला सगळीकडे मेली नाही. आपल्याच महाराष्ट्रात सावंतवाडीला चितारी घराण्यांनी लाखकामाची लाकडी फळे, खेळणी, पाट आणि पाळणे यांची परंपरा जपली. तिथला गंजिफा तर आमच्यासाठी विशेष जिव्हाळ्याचा. हा पत्त्यांचा खेळ इराणी वळणाचा. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद 'बाबरनाम्या'त आहे. तोच खेळ सावंतवाडीत पोहोचला आणि गोल पानांवर दशावतार अवतरले. कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडूचा लेप द्यायचा, दगडाने घोटायचे, रंगवायचे आणि वर लाख चढवायची. विसाव्या शतकात ही विद्या एखाद-दुसऱ्या वृद्ध कारागिराच्या बोटांत उरली असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती शिकून घेतली आणि पुढे शिकवली. राजवाड्याने कारागिराकडून शिकावे, ही घटना आम्हाला कोणत्याही लढाईइतकी मोठी वाटते.

कर्नाटकात बेंगळुरू आणि म्हैसूर यांच्या मध्ये चन्नपट्टण आहे. टिपू सुलतानाने इराणी कारागिरांच्या हातून इथे ही कला रुजवली, अशी परंपरा सांगितली जाते. पुढच्या काळात बावास मियाँ यांचे नाव तिथले खेळणीवाले गुरूच्या जागी घेतात. काळ्या कुड्याचे लाकूड, लाख आणि केवड्याच्या जातीच्या पानाची पट्टी एवढ्यावर अख्खे गाव जगले. आज त्या खेळण्यांना भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण आहे. कच्छमध्ये निरोणा गावचे वाढा कारागीर अजून कमानीवर लाखकाम करतात आणि लोक ते बघायला दुरून जातात.

वऱ्हाडात काय कमी होते? मेळघाटचे जंगल उशाशी, परतवाड्याचा सागवानाचा डेपो शेजारी, पळस बांधाबांधावर, मध आणि मेण डोंगरात, तान्ह्या पोळ्याला पोरांना लाकडी नंदी हवाच. कमी होती ती एखाद्या सावंतवाडीची, म्हणजे कदर करणाऱ्या डोळ्यांची. कारागिराला कोणी कलावंत म्हटले नाही. मग तोही स्वतःला मजूर म्हणू लागला.

पलंग लोखंडी झाले, पाळणे प्लास्टिकचे झाले. सुताराच्या दुकानात भुशाच्या दाबीव फळ्या आल्या आणि त्यांवर लाकडाच्या रेषा छापलेला सनमायका चिकटू लागला. आम्ही नव्या वस्तूंच्या विरोधात नाही. आमच्याही घरात सनमायकाचे कपाट आहे आणि गरिबाला परवडते ते चांगलेच. पण तो मुलामा आहे, हे विसरू नये. कोपरा निघाला की आतला भुसा दिसतो. कातीव पाया पन्नास वर्षांनी मळला, तर पुन्हा खरादीवर चढवा, पुन्हा उजळतो.

आमच्या माणसांचा अभिमानही असाच असतो. कोणी इराणचा, कोणी बुखाऱ्याचा वंश सांगतो. असेलही. पण बाळापुरात नक्शबंदी खानकाह आहे, तिच्या नावाचाच अर्थ पाहा. बुखाऱ्याचे बहाउद्दीन (१३१८-१३८९) यांना 'नक्शबंद' म्हणत, आणि नक्शबंद म्हणजे नक्षी उमटवणारा. एका थोर सिलसिल्याला एका धंद्याचे नाव लागले आहे आणि कोणाला त्यात कमीपणा वाटला नाही. मौलाना रूमींनी 'मसनवी'त चिनी आणि रूमी कलावंतांच्या पैजेची गोष्ट सांगितली आहे. एका गटाने भिंतीवर अप्रतिम चित्रे रंगवली. दुसऱ्याने रंग मागितलाच नाही, समोरची भिंत फक्त घासत राहिला. पडदा उघडला तेव्हा पलीकडची सारी चित्रे त्या घासलेल्या भिंतीत अधिक सुंदर दिसत होती. ही गोष्ट मदरशात आणि मैफलीत पुष्कळ सांगितली जाते. पण ती ऐकताना भिंत घासणाऱ्याचा हात आपल्या गल्लीतल्या कोणाच्या हातासारखा होता, याचा विचार आपण करत नाही.

पुढच्या वर्षी इयत्ता सातवीच्या मुलांना आम्ही एक काम दिले. घरातली खरादीवर केलेली एक तरी वस्तू शोधा, ती कोणी केली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि वहीत लिहा. कोणी रवी आणली, कोणी जुन्या पलंगाचा मोडका पाया, कोणी नानीच्या चरख्याची चाती. एका मुलीने मोडलेल्या पाळण्याची लाखेची दांडी आणली. तिचे अब्बा, चाचा आणि ती स्वतः याच पाळण्यात झोपली होती. दांडीचा लाल रंग विटला होता. खरादीचाचांच्या मुलाने बाहीने ती जरा घासली आणि सगळ्यांना दाखवून म्हणाला, "ये हमारे दादा का हाथ है." त्याने ते कसे ओळखले? पट्ट्यांच्या मध्ये एक केसाइतकी बारीक काळी रेघ होती. ती रेघ त्यांच्या घरची सही होती.

एवढी वर्षे आम्ही सनावळ्या पाठ करून घेतल्या. त्या सोडाव्यात असे आमचे म्हणणे नाही. १७२० ची लढाई शिकवलीच पाहिजे. पण त्या लढाईत कोण जिंकले हे ज्याला सांगता येते आणि आपल्या आजोबांची सही ज्याला ओळखता येत नाही, त्याचा इतिहास अजून खडबडीतच आहे. त्याला एक नंबर गाळून पुढे नेले आहे.

रजिस्टरमधली नोंद मनाला येईल तशी खोडता येत नाही, तसा नियम आहे. त्या मुलाच्या नावापुढे जे लिहिले ते लिहिलेच. पण त्यानंतर जूनमध्ये त्याचा धाकटा भाऊ पहिलीत दाखल झाला. वडील समोर बसले होते. व्यवसायाचा रकाना आला तेव्हा ते पुन्हा क्षणभर थांबले. या वेळी आम्ही विचारले नाही. आम्ही लिहिले, 'खरादी', आणि रजिस्टर त्यांच्याकडे वळवले. त्यांनी ते अक्षर बराच वेळ पाहिले, मग सही केली. त्यांच्या अंगठ्यावर लाखेचा लाल डाग होता. तो कागदावर जरासा उमटला आहे. आम्ही तो पुसला नाही.